समोरून येणाऱ्या रायडरला थांबवा

मोटारसायकलवर परदेशात एकट्याने जायचं ठरवलं की सातारा-सांगलीकडच्या घरांत पहिला प्रश्न एकच असतो. सोबत कोण आहे? ‘कोणी नाही’ हे उत्तर घरच्यांना पटत नाही आणि त्यांची काळजी रास्तच असते. पण त्या उत्तरात एक गोष्ट सांगायची राहून जाते. लांबच्या रस्त्यावर एकट्याने निघालेला माणूस फार दिवस एकटा राहत नाही. पुढच्या वळणावर, सीमेवरच्या रांगेत, हॉस्टेलच्या अंगणात त्याच्यासारखाच कोणीतरी गाडीवरचं सामान सोडत असतो. ही भेट कशी घ्यायची, तिच्यातून काय मिळवायचं, किती दिवस सोबत राहायचं आणि कुठे वेगळं व्हायचं, हे ज्याला कळतं त्याचा प्रवास सुखाचा होतो. गाडी कोणती घ्यावी, जॅकेट कोणतं घ्यावं यावर आपल्याकडे तासन्‌तास चर्चा होते. भेटींची तयारी मात्र कोणी करत नाही. म्हणून हा लेख.

रायडर एकमेकांना भेटतात यात योगायोग फार थोडा असतो. जग मोठं असलं तरी मोटारसायकलने ओलांडता येतील असे रस्ते मोजकेच आहेत आणि ते खुले असण्याचा काळही ठरलेला आहे. आपल्या बाबतीत तर वाटा आणखी कमी. अटारीवरून गाडी घेऊन पलीकडे जाता येत नाही. म्यानमारमध्ये २०२१ च्या लष्करी उठावानंतर परिस्थिती बिघडली, त्यामुळे मोरेहून थायलंडकडे जाणारा रस्ता भरवशाचा राहिला नाही. उरतं काय? एक तर मुंबईहून गाडी जहाजाने किंवा विमानाने पुढे पाठवायची, नाहीतर नेपाळ-तिबेट-चीन करत मध्य आशियात उतरायचं. तिकडे किर्गिझस्तानातल्या ओशपासून ताजिकिस्तानातल्या दुशान्बेपर्यंत जाणारा पामीरचा रस्ता, एम-४१, उन्हाळ्याच्या थोड्या महिन्यांतच नीट चालतो. त्या महिन्यांत जर्मन, पोलिश, स्विस, इटालियन, कोरियन असे सगळे तिथेच येतात. ओश, मुर्गाब, खोरोग, दुशान्बे, पुढे तिबिलिसी, इकडे काठमांडूचं ठमेल, या ठिकाणी रायडर भेटणार हे गृहीत धरूनच आखणी करा. अशा गावात एक दिवस जादा ठेवा. धुणं, चेनची साफसफाई आणि गप्पा, तिन्ही त्याच दिवशी होतात.

आधी नमस्काराचं बघू, कारण ओळखीची सुरुवात तिथूनच होते. युरोपात आणि मध्य आशियात वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. त्यामुळे समोरचा रायडर आपल्या डाव्या हाताला येतो आणि क्लचवरचा डावा हात सहज मोकळा होतो. तो हात खाली, कमरेच्या बाजूला सोडून दोन बोटं दाखवायची, एवढाच तिथला रामराम. ब्रिटनमध्ये आपल्यासारखंच डावीकडून चालतात. तिथे समोरचा उजवीकडे येतो आणि उजवा हात तर ॲक्सिलरेटरवर असतो, म्हणून नुसती मान हलवायची. फ्रान्समध्ये वाट दिल्याबद्दल आभार मानायला रायडर उजवा पाय बाहेर काढतात. पहिल्यांदा पाहिलं तर लाथ मारतोय की काय असं वाटेल, म्हणून आधीच सांगून ठेवतो. घाटातल्या वळणावर किंवा खडीवर मात्र हात सोडू नका. तिथे उत्तर मिळालं नाही म्हणून कोणी रागावत नाही.

नुसता हात दाखवून पुढे जाणं युरोपच्या महामार्गावर ठीक आहे. निर्जन रस्त्यावर मात्र समोरून सामानाने लादलेली गाडी आली तर थांबाच. वेग कमी करा, हाताचा तळवा खाली करून इशारा द्या, रस्त्याच्या कडेला, दोघेही दिसू अशा ठिकाणी गाडी लावा, इंजिन बंद करा आणि हेल्मेट काढा. हेल्मेट घालून बोलणारा माणूस परक्याला घाबरवतो. समोरून येणारा हा माणूस तुमच्यासाठी सगळ्यात मोलाचा आहे, कारण तुमचा उद्याचा रस्ता त्याने आज पाहिलेला आहे. नकाशात तो रस्ता वर्षापूर्वीचा असतो. याच्याकडे सकाळचा असतो.

पण विचारायचं कसं, यावर सगळं अवलंबून आहे. ‘रस्ता कसा आहे?’ असं विचारलंत तर ‘चांगला आहे’ असं उत्तर मिळेल. त्याची गाडी बाराशे सीसीची, तुमची तीनशे नव्वदची. त्याचं चांगलं आणि तुमचं चांगलं एक नसतं. म्हणून प्रश्न नेमके विचारा. शेवटचं पेट्रोल कुठे भरलं, पंपावर होतं की बाटलीतून घेतलं, त्यावर गाडी ठोके देते का? पाण्यातून गाडी काढावी लागली का, कितीदा, पाणी ॲक्सलच्या वर होतं की खाली, आणि मुख्य म्हणजे किती वाजता ओलांडलं? हा शेवटचा प्रश्न विसरू नका. बर्फाच्या डोंगरातून येणारा ओढा सकाळी घोट्याएवढा असतो आणि ऊन चढलं की बर्फ वितळून तोच दुपारी मांडीपर्यंत येतो. त्याने सकाळी सातला सहज पार केला म्हणून तुम्ही दुपारी तीनला त्यात गाडी घालाल तर गाडीच्या एअर फिल्टरमध्ये पाणी जाईल. आपल्याकडे कोयनेच्या खोऱ्यात पावसाने वाढणारे ओढे सगळ्यांनी पाहिले आहेत. निरभ्र दिवशी, पावसाचा थेंब नसताना वाढणारं पाणी आपल्या ओळखीचं नाही, म्हणून ते फसवतं.

पुढे विचारा ते सीमेबद्दल. किती वेळ लागला, कोणता कागद मागितला, विमा तिथेच काढावा लागला का, पैसे बदलायला बाहेर बरं की आत? मग मुक्कामाचं. गाडी आत लावता येते का, हे जेवणाच्या आधी विचारा. मग चौक्यांचं. कुठे तपासणी आहे, वेगाचा कॅमेरा कुठे आहे? आणि हे सगळं ऐकताना खिशातली लहान वही काढून लिहा. गावांची नावं त्यालाच लिहायला सांगा, कारण ऐकून लिहिलेलं नाव दुसऱ्या दिवशी वाचता येत नाही. मग तुमच्याकडची माहिती त्याला तितक्याच नेमकेपणाने द्या. त्याच्यासाठीही तुम्ही समोरून आलेले आहात.

इथे आपल्याकडची मुलं इंग्रजीच्या भीतीने मागे राहतात, हे मी वारंवार पाहिलं आहे. ही भीती सोडून द्या. त्या रस्त्यावर भेटणाऱ्या बहुतेकांची मातृभाषा इंग्रजी नसते. पोलंडचा माणूसही शब्द शोधतच बोलत असतो. पेट्रोल, वॉटर, पंक्चर, पोलीस, किलोमीटर एवढे शब्द बहुतेकांना कळतात, बाकी काम नकाशा आणि बोटं करतात. कागदी नकाशा टाकीवर पसरला की दोन अनोळखी माणसं त्यावर आपोआप वाकतात. मोबाइलच्या पडद्यावर तसं होत नाही. मध्य आशियासाठी रशियन लिपीतली अक्षरं ओळखायला शिकून घ्या. आठवडाभराचं काम आहे आणि गावांच्या पाट्या वाचता आल्या की अर्धा धीर येतो.

याचा सराव इथेच करता येतो. राष्ट्रीय महामार्ग ४८ आपल्या दारातून जातो. नोव्हेंबरात रॉयल एनफिल्डच्या मेळाव्याला गोव्याकडे जाणारे रायडर दूरदूरच्या राज्यांतून पुणे, खंबाटकी, सातारा, कराड, पेठ नाका असे उतरतात आणि पुढे आंबोलीकडे वळतात. त्या दिवसांत महामार्गावरच्या चहाच्या टपरीवर थांबा आणि राजस्थानच्या, केरळच्या माणसाशी बोला. त्याला वर सांगितले तसे नेमके प्रश्न विचारून बघा. कितीतरी वेळा लक्षात येईल की आपण दहा मिनिटं बोललो, पण उपयोगाचं एकही वाक्य मिळालं नाही. ही चूक पामीरवर होण्यापेक्षा कराडला झालेली बरी. नीट ओळख नसलेल्या माणसासोबत पसरणी घाटाने वर जाऊन महाबळेश्वरहून मेढ्याकडे उतरा किंवा पाटणहून कुंभार्ली घाटाने चिपळूण गाठा. आपला वेग सोडून दुसऱ्याच्या वेगाने दिवसभर चालवणं किती थकवतं, ते त्या एका दिवसात कळेल.

आणि देशातला रस्ता कापताना आपल्याच जिल्ह्यांची एक मोठी ताकद लक्षात ठेवा. खानापूर-विटा, आटपाडी, तासगाव भागातली आणि माण-खटावमधली माणसं सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या देशभर गेलेली आहेत. उत्तरेतल्या असो की पूर्वेकडच्या, मोठ्या शहराच्या सराफ बाजारात चौकशी केली तर विट्याकडचं कोणीतरी भेटण्याची शक्यता फार मोठी. ते रायडर नाहीत, पण सीमेच्या अलीकडच्या शेवटच्या मोठ्या शहरात भाकरी, भरवशाचा मेकॅनिक आणि गाडी ठेवायला जागा यांची सोय तिथून होते. निघण्याआधी गावात, नात्यात विचारून चार नंबर घेऊन ठेवा. परदेशात त्याच कामी महाराष्ट्र मंडळं येतात. लंडनचं महाराष्ट्र मंडळ तर १९३२ पासून उभं आहे.

पहिलीच परदेश राइड असेल तर नेपाळ करा. तिथे भारतीय गाडीला कार्नेट (गाडी परत बाहेर नेण्याची हमी देणारा सीमाशुल्काचा कागद) लागत नाही, सीमेवर दिवसांच्या हिशेबाने भन्सार, म्हणजे सीमाशुल्क, भरून आत जाता येतं आणि व्हिसाची भानगड नाही. काठमांडू-पोखऱ्यात परदेशी रायडर इतके भेटतात की मोठ्या प्रवासाची रंगीत तालीमच होते. भूतानलाही जाता येतं, पण तिथे भारतीयांना दर रात्रीचे १,२०० रुपये शुल्क आहे. चार लोकांत बसून दोन दिवस जादा काढावेत, हे तिथे खिशाला जड जातं.

आता सोबत चालवण्याबद्दल. संध्याकाळी हॉस्टेलमध्ये ओळख झाली, दोघांचाही उद्याचा रस्ता एक आहे असं कळलं, की सोबत जाण्याचं ठरतं. इथे संकोच न करता पाच मिनिटं बसून चार गोष्टी बोलून घ्या. सकाळी किती वाजता निघायचं? दिवसाला किती किलोमीटर? मुक्काम तंबूत की खोलीत? आणि एकाची गाडी बंद पडली तर दुसऱ्याने किती थांबायचं? हा चौथा प्रश्न विचारायला जड वाटतो, पण सगळे वाद तिथूनच होतात. ज्याच्या व्हिसाचे तीनच दिवस उरलेत त्याने सुट्या भागासाठी आठवडाभर थांबावं अशी अपेक्षा चुकीची आहे. पण त्याने मेकॅनिकपर्यंत सोडावं, तुमचं सामान नीट लागलंय ना पाहावं आणि मग जावं, हे मात्र न्याय्य आहे. आधी बोललं असेल तर कोणाच्या मनात काही राहत नाही. तुमचा स्वतःचा आंतरराष्ट्रीय वाहन परवानाही वर्षभरच चालतो. साताऱ्याच्या, कराडच्या किंवा सांगलीच्या आरटीओतून तो घेतल्या दिवसापासून मुदत सुरू होते. त्यामुळे प्रेमाखातर कोणासाठी थांबताना आपले दिवसही मोजायला हवेत.

रस्त्यावरचा एक नियम सोन्यासारखा आहे. पुढच्याने प्रत्येक फाट्यावर मागचा दिसेपर्यंत थांबायचं. मागच्याने घाई करायची नाही, पुढच्याने फाटा सोडायचा नाही. मोबाइलला रेंज नसलेल्या मुलखात एवढ्या एका नियमाने चुकामूक टळते. लहान गाडीला पुढे ठेवा, मोठी मागे. उलट केलं की लहान गाडीवाला दिवसभर धावत राहतो आणि धापा टाकत चुका करतो. अंतर भरपूर ठेवा, कच्च्या रस्त्यावर तर पुढच्याची धूळ बसू द्या. पैशांचा हिशेब रोज रात्री झोपण्याआधी मिटवा. पेट्रोल ज्याचं त्याचं, खोली आणि जेवण अर्धं-अर्धं. परदेशी माणूस नाण्यापर्यंत हिशेब मांडतो म्हणून तो कंजूष, असं समजू नका. त्याची ती रीत आहे आणि लांबच्या प्रवासात ती बरी पडते. ‘राहू दे, मी देतो’ ही आपली रीत पहिल्या चहाला शोभते. दहाव्या दिवशी तीच मनात टोचायला लागते.

एक सोबत मात्र निवडीची नसते, सक्तीची असते. चीनमध्ये परक्या नोंदणीची गाडी एकट्याने चालवता येत नाही. तिथल्या परवानाधारक संस्थेमार्फत तात्पुरता वाहन परवाना, तात्पुरती नंबरप्लेट आणि सोबत वाटाड्या घ्यावा लागतो. वाटाड्याचा आणि त्याच्या गाडीचा खर्च भारी असल्याने रायडर महिनोन्‌महिने आधी गट जमवून तो वाटून घेतात. तिबेटमार्गे जाणारा जवळपास प्रत्येक भारतीय सोलो रायडर इथे काही आठवडे गटाचा भाग होतो. या गटातून मधेच बाहेर पडता येत नाही, म्हणून माणसं फार जपून निवडा. नुसत्या संदेशांवर विसंबू नका, आधी समोरासमोर किंवा निदान व्हिडिओवर बोला. जो गाडीबद्दलच बोलतो त्याला पोटाबद्दल, झोपेबद्दल, पैशांबद्दल विचारा. कोणी आयत्या वेळी गळाला तर त्याचा वाटा कोण भरणार, हे लेखी ठरवून घ्या. एक माणूस गळाला की उरलेल्यांचा खर्च लगेच वाढतो आणि परदेशाच्या उंबरठ्यावर उभे असताना त्यावर भांडायला वेळ नसतो. शिवाय निसर्गाचा भरवसा नाही. ८ जुलै २०२५ ला रसुवागढीला नेपाळ आणि तिबेट जोडणारा मैत्री पूल पुरात वाहून गेला. असं काही झालं तर गटाने किती दिवस थांबायचं आणि पैशांचं काय, हेही त्याच कागदावर असू द्या.

उंचीवर तर सोबत जीव वाचवते. पामीरच्या रस्त्यावरची अक-बाइताल खिंड ४,६५५ मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या जवळजवळ तिप्पट. विरळ हवेचा त्रास ज्याला होतो त्याला तो अनेकदा कळत नाही, आधी दुसऱ्याला दिसतो. बोलणं अडखळायला लागलं, साधं बकल लावायला वेळ लागला, चालताना तोल गेला, तर ‘मी ठीक आहे’ या शब्दावर विश्वास ठेवू नका. त्याला खाली उतरवा. सोबत निघतानाच एकमेकांचा रक्तगट, ॲलर्जी आणि घरचा नंबर लिहून घ्या, आणि तसंच कार्ड आपल्या जॅकेटच्या वरच्या खिशात ठेवा. गोळ्या देता-घेताना मात्र सांभाळा. ट्रॅमाडॉल किंवा कोडीन असलेल्या गोळ्या संयुक्त अरब अमिराती, उझबेकिस्तान अशा देशांत नियंत्रित आहेत. आपल्याकडून डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन जा आणि दुसऱ्याच्या गोळ्या आपल्या बॅगेत ठेवून सीमा ओलांडू नका.

याच ओघात काही गोष्टी ठामपणे सांगतो. दुसऱ्याचं पार्सल, डबा, बॅग, काहीही सीमेपलीकडे नेऊ नका, मग तो आठवडाभर तुमच्यासोबत जेवलेला का असेना. त्याला वाईट वाटलं तरी चालेल. पासपोर्ट कोणाच्या ताब्यात देऊ नका. तुमची गाडी दुसऱ्याला चालवायला देण्याआधी शंभर वेळा विचार करा. बहुतेक ठिकाणी विमा तुमच्या नावावर असतो. गाडी कार्नेटवर आत आणली असेल तर ती परत बाहेर नेण्याची हमी तुम्ही दिलेली असते, आणि तीही मोठ्या रकमेची. आपल्याकडे हे कार्नेट मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन देते. गाडी चोरीला गेली, जळाली, तरी ती का बाहेर आली नाही हे कागदाने सिद्ध करावं लागतं. म्हणून असं काही झालं तर पहिलं काम पोलिसांचा लेखी अहवाल घेणं.

चोरीवरून एक अलीकडचं उदाहरण आठवतं. रायडर योगेश आळेकरी १ मे २०२५ ला मुंबईहून केटीएम ३९० ॲडव्हेंचर घेऊन निघाले आणि १७ देश पार करून ब्रिटनला पोचले. ऑगस्टच्या अखेरीस नॉटिंगहॅमच्या वोलाटन पार्कमध्ये, भर दिवसा, त्यांची गाडी सामानासकट चोरीला गेली. बातमीतला चोरीचा भाग सगळ्यांनी वाचला. पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तिथल्या मोटारसायकलवाल्यांनी या अनोळखी मराठी माणसाची दखल घेतली, मदतीचे हात पुढे आले आणि मॅन्सफिल्डच्या एका विक्रेत्याने त्यांना त्याच मॉडेलची गाडी दिली. यातून दोन गोष्टी घ्याव्यात. एक म्हणजे, पोचल्यावरच जास्त सावध राहायचं. खडतर मुलखात आपण गाडीला डोळ्याआड करत नाही आणि ‘सुधारलेल्या’ शहरात निर्धास्त होतो. दोन-तीन रायडर सोबत असतील तर एकाने गाड्यांपाशी बसायचं आणि बाकीच्यांनी खायला जायचं. पासपोर्ट आणि कार्ड गाडीवर नाही, अंगावर. दुसरी गोष्ट अशी की अडचण आली तर ती लपवू नका. आपल्याकडची माणसं भिडस्त असतात, मदत मागायला लाजतात. स्थानिक रायडरांना लगेच कळवा, गाडीचा फोटो आणि चासी नंबर द्या. ते त्यांच्या गावात तुमच्यापेक्षा जास्त काही करू शकतात.

एकट्या निघालेल्या मुलींसाठी थोडं वेगळं सांगायला हवं. भेट घ्यायची की नाही, कुठे घ्यायची, हे तुम्ही ठरवायचं. निर्जन रस्त्यावर नुसता हात दाखवून पुढे गेलात तरी कोणतीही रीत मोडत नाही. बोलायचं तर पुढच्या पंपावर, चार माणसांत. आजचा मुक्काम कुठे, याचं खरं उत्तर पहिल्या भेटीत देऊ नका. जोडप्याने फिरणारे आणि इतर स्त्री रायडर यांच्यापासून सुरुवात केली तर सोपं जातं. नव्या सोबत्याचा आणि त्याच्या नंबरप्लेटचा फोटो, त्याला सांगून, घरी पाठवा. ‘आईला पाठवायचाय’ म्हटलं की भला माणूस हसून उभा राहतो. ज्याला ते आवडत नाही त्याच्यासोबत पुढे जाऊ नका. हा सल्ला खरं तर मुलांनीही पाळावा.

भेटीत देण्यासारखं काहीतरी जवळ असू द्या. जगभरच्या रायडरांत स्टिकर देण्याची रीत आहे. आपल्या गावाचं नाव देवनागरीत असलेलं, पावसात न सुटणारं स्टिकर छापून घ्या. ‘सातारा’ किंवा ‘सांगली’ हे नाव कोणा पोलिश माणसाच्या ॲल्युमिनियमच्या पेटीवर चिकटून तीन खंड फिरेल. ते लावताना तो ‘हे कुठे आहे?’ विचारतोच, आणि गप्पा सुरू होतात. कंदी पेढे नेपाळपर्यंत न्या, त्यापुढे टिकत नाहीत. युरोपीय संघात तर बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला मनाईच आहे. सांगलीची हळद न्यायची असेल तर कंपनीचं बंद पाकीटच न्या. घरची हळद प्लास्टिकच्या पिशवीत बांधून नेली तर त्या पिवळ्या भुकटीचं स्पष्टीकरण देण्यात सीमेवर अर्धा दिवस जाईल. स्टिकर आणि हळदीहूनही मोठी भेट म्हणजे हवा भरायचा छोटा पंप, पंक्चर काढायच्या दोऱ्या आणि चेनचा जादा जॉइंट. ज्याच्याकडे हे असतं त्याच्याभोवती माणसं आपोआप जमतात.

आणि आता निरोपाचं, जे सगळ्यांना अवघड जातं. आपल्याला सोबत सोडणं म्हणजे माणूस तोडणं वाटतं. तसं नाही. लोणंदहून तरडगाव, फलटणकडे जाणारी माउलींची वाट ज्यांनी चालली आहे त्यांना हे सांगावं लागणार नाही. माणूस एका दिंडीसोबत चालतो, पाय दुखले की मागे राहतो, दुसऱ्या दिंडीत जेवतो, वाखरीला पहिल्या लोकांना पुन्हा भेटतो. कोणी कोणाला जाब विचारत नाही. रायडरांचंही तेच आहे. एल्स्पेथ बियर्ड ही इंग्रज तरुणी १९८२ मध्ये बीएमडब्ल्यूवर एकटीच जगप्रदक्षिणेला निघाली. काठमांडूत तिला बीएमडब्ल्यूवरच फिरणारा एक डच रायडर भेटला आणि परतीचा बराच रस्ता दोघांनी सोबत कापला. १९८४ मध्ये ती घरी पोचली. मधली सोबत तिने घेतली म्हणून प्रवास तिचा राहिला नाही, असं कोणी म्हणत नाही. तेव्हा सुरुवातीलाच सांगून ठेवा, ‘खोरोगपर्यंत सोबत, मग माझं मी.’ ठरलेलं गाव आलं की दोघांना वाटलं तर पुढचं गाव ठरवा. वाटलं नाही तर चहा प्या, हिशेब मिटवा, निघा. सोबत कंटाळवाणी झाली, समोरचा पिऊन चालवतो किंवा त्याला वेगाची खुमखुमी आहे, तर ठरलेल्या गावाचीही वाट पाहू नका. ‘मी आज इथेच थांबतो’ एवढं वाक्य पुरतं, कारण सांगायची गरज नाही.

परतल्यावर या ओळखींची दुसरी बाजू सुरू होते. ज्यांनी तुम्हाला ओशमध्ये पाना दिला, ते कधीतरी मुंबईहून दक्षिणेकडे जाताना महामार्गाने येतील आणि फोन करतील. घरी आणा. पण एक कायदा माहीत असू द्या. परदेशी नागरिक घरी मुक्कामाला राहिला तर २४ तासांच्या आत त्याच्या माहितीचा फॉर्म ऑनलाइन भरावा लागतो. हॉटेलवाले भरतात म्हणून तो फक्त त्यांच्यासाठी आहे असा समज आहे, तो चुकीचा. पासपोर्ट आणि व्हिसाची माहिती, फोटो लागतो. यजमान म्हणून तुमची नोंदणी व्हायला वेळ जातो, म्हणून ती पाहुणा येण्याआधीच करून ठेवा. त्याच्यासाठी गाडी आत लावायची जागा, गरम पाणी आणि चेन धुवायला अंगणाचा कोपरा रिकामा ठेवा. रात्री जेवणं झाली की नकाशा पसरा आणि त्याला आंबोली, चोर्ला, अनमोड यांतला कोणता घाट या महिन्यात बरा, ट्रकांची गर्दी किती वाजता कमी असते, पंप कुठे आहेत, ते नेमकं सांगा, त्याच्या वहीत त्यालाच लिहू द्या. आणि तुमचा पुढचा प्रवास ठरत असेल तर तो ज्या सीमेवरून नुकताच आलाय तिथे काय झालं, हे झोपण्याआधी त्याच्याकडून काढून घ्या.